भरती लागली, ओव्हर

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शन आलो, घरी बसून काही महिने बायकोचं डोकं खाल्लं आणि मग बहरीनला गेलो. जुफैरमध्ये एका मोठ्या कंपाउंडवर सिक्युरिटी सुपरवायझर. लोक त्याला नोकरी म्हणत, मी पोस्टिंग म्हणायचो. गेटवरचा गार्ड खुर्चीत पसरलेला दिसला की माझं टाळकं सरकायचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. मोबाइल फक्त बड्या साहेब लोकांकडे. आमच्याकडे कंपनीचे वॉकी-टॉकी. त्यांना मी सेट म्हणायचो, आणि माझ्यामुळे बाकीचेही म्हणायला लागले.

राहायला गुदैबियात होतो. त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मिलिंद इंगळे राहायचा. बायको आणि एक लहान मुलगी. एसी प्लांटवर टेक्निशियन, शिफ्ट ड्युटी. आमचाच बुलढाण्याकडचा. ओळख मात्र गावामुळे नव्हती. त्याचा थोरला भाऊ, लान्स नायक देविदास इंगळे, माझ्या सेक्शनचा रेडिओ ऑपरेटर होता. बर्फातल्या एका उंच पोस्टवर आमच्या तंबूवर कडा घसरला. देविदास त्याखाली गेला. आम्ही खणत राहिलो, शेवटी थांबण्याची ऑर्डर आली. त्याचं शरीर मिळालं नाही.

त्या हिवाळ्यात मिलिंदचे वडील, नामदेव मामा, व्हिजिट व्हिसावर नातीला बघायला आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काटक माणूस. ते यायच्या आधी मिलिंद माझ्या खोलीवर आला. चहा घेतला, पण कपातला निम्मा तसाच राहिला.

"भाऊ, गावात विहाराजवळ पोरांनी दादासाठी दगड आणून ठेवलाय. नाव कोरायचं बाकी आहे. बाबा कोरू देत नाहीत. मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदनही करू देत नाहीत. आई त्याचीच वाट बघत गेली. मरताना म्हणाली, माझ्या लेकाचं एकदा नीट करा रे. आता तुम्हीच सांगा त्यांना."

"मी काय सांगू?"

"तुम्ही तिथं होता ना. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत."

मी हो म्हणालो. शत्रूसमोर जायला सांगितलं असतं तर बरं, असंही मनात आलं. बापाला जाऊन 'तुझा मुलगा मेला' हे मान्य करायला लावायचं! हे काम कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात? मामा यायच्या आधीच मला घाम फुटला होता.

मामा आले. रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचे. पलटणीबद्दल विचारायचे, जेवण काय असायचं विचारायचे, पण त्या दिवसाची गोष्ट निघाली की हात वर करायचे. "सापडला नाही ना? मंग झालं तं." म्हणजे विषय संपला. त्यांची परतीची फ्लाइट आठवड्यावर आली, आणि मी ठरवलं की येत्या शुक्रवारी त्यांना फिरवायला न्यायचं. घराबाहेर पडलं की माणूस बोलतो, असा माझा अनुभव.

गाडी हसनभाईंची. हसनभाई दापोलीकडचे, मनामाच्या एका ट्रेडिंग दुकानात क्लार्क. वडील गलबतावर तांडेल होते, त्यामुळे माणूस टेबलावर बसून हिशेब करायचा पण डोकं कायम समुद्रात. त्यांच्याकडे दुकानाची जुनी पिकअप होती. मला ते हवालदारसाहेब म्हणत आणि माझ्या पोहण्याची यथेच्छ टिंगल करत. मला पोहता येतं. कोकणातल्या माणसाला मात्र त्याला पोहणं म्हणवत नाही.

सकाळी आम्ही पूल ओलांडून मुहर्रकला गेलो. हे दुसरं बेट. जुन्या बंदरात लाकडी होड्या बांधलेल्या, गल्ल्यांत प्रवाळाच्या दगडांची घरं, दारांवर खिळ्यांची नक्षी. मामांनी समुद्र विमानातून पाहिला होता, जवळून आज पहिल्यांदा. पाण्यात हात घालून त्यांनी जिभेला लावला आणि थुंकले. "बाप्पा रे! एवढं पानी आन एक घोट कामाचा नाई!"

"मामा, आमची पोटं यावरच भरली," हसनभाई म्हणाले. "असं थुंकू नका त्याच्यावर."

"चुकलं बाप्पा," म्हणत मामांनी खरोखर समुद्राला हात जोडले. हसनभाई हसून लोळायचे बाकी राहिले.

तिथून परत येऊन आम्ही मुख्य बेटाच्या मध्यभागी गेलो. गावाचं नाव आली. मी सांगितलं, "मामा, आता आली."

"कोन आली?"

"गावाचं नाव आहे आली."

"आली तं आली," मामा म्हणाले आणि उतरले.

आलीला मातीच्या टेकड्याच टेकड्या आहेत. घरांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, कुंभारांच्या भट्ट्यांमागे, जिकडे बघावं तिकडे. प्रत्येक टेकडी म्हणजे एक थडगं, चार हजार वर्षांपूर्वीचं. काही उकरलेली होती आणि आत दगडाची खोली दिसत होती. मामा एका टेकडीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हे कोन व्हते?"

"माहीत नाही मामा. त्या काळचे लोक."

"नाव?"

"नाव कुठं लिहिलेलं नाही. हाडं सापडली फक्त."

"हाडं हायेत आन नाव नाई," मामा म्हणाले. "आमच्या घरी उलटं."

मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "मामा, नाव आहे तर ते दगडावर..."

"हवालदार," त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "ऊन लागून रायलं. चाल गाडीत." पहिला हमला फसला. मी मुकाट्यानं गाडीत बसलो.

हसनभाईंनी वाटेत जुम्म्याची नमाज पढली. आम्ही मशिदीबाहेर सावलीत थांबलो. मग मिलिंदच्या बायकोनं दिलेल्या भाकरी, ठेचा आणि हसनभाईंच्या घरचा तळलेला मासा असं जेवण झालं. मामांनी मासा खाल्ला आणि काट्यांना शिव्या दिल्या. साडेतीनच्या सुमारास आम्ही उत्तर किनाऱ्यावरच्या जुन्या किल्ल्यावर पोचलो.

किल्ला पोर्तुगीजांचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या खाली आणखी जुनी वस्ती आहे, तिच्याखाली त्याहून जुनी. खोदकाम करून भिंती उघड्या केलेल्या. मी फौजी माणूस, मी आधी बुरूज बघितले. जागा चोख निवडलेली होती. समोर समुद्र, मागे खजुरीच्या बागा, येणारा लांबूनच दिसावा. मी मामांना हे समजावत होतो आणि मामा समोर बघत होते. समुद्र तिथं नव्हताच. ओला चिखल, दगड, शेवाळ, आणि पाण्याची रेघ पार लांब.

"इथचं पानी कुठं गेलं बाप्पा?"

"सुकती आहे मामा," हसनभाई म्हणाले.

"सुकते? एवढा समिंदर उन्हानं सुकते?"

"उन्हानं नाय हो! आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. संध्याकाळी परत ओला, इंशाल्ला. तोवर बिनघोर चाला. इथं उथळ आहे, लांबपर्यंत जाता येतं. फक्त त्या डाव्या बाजूला जुना होड्यांचा चर आहे, तिकडे नाय जायचं. पाणी पहिलं तिथून येतं."

माझ्याजवळ दोन सेट होते. नव्या बॅटऱ्या आल्या होत्या, त्यांची रेंज बघायची होती. एक मामांच्या हातात दिला. माझा गुडघा चिखलात चालू देत नाही, म्हणून मी बुरुजाखाली थांबणार होतो. मी त्यांना ड्रिल दिलं. "हे बटण दाबून बोलायचं. सोडून ऐकायचं. दाबून ठेवलं तर तुमचंच जाईल, आमचं येणार नाही. शेवटी ओव्हर म्हणायचं."

मामांनी सेट उलटसुलट करून पाहिला. "याच्यातच बोले काय माहा देविदास?"

"याच्याहून मोठा. पाठीवरचा."

त्यांनी धोतर खोचलं, चपला काढल्या आणि निघाले. थोडं गेल्यावर सेट खरखरला. "हवालदार. हवालदार. मी नामदेव इंगळे बोलून रायलो. पायाले गुदगुल्या होऊन रायल्या. ओव्हर."

"रॉजर मामा. ओव्हर."

त्यांचा आवाज इतका खूश होता की मलाही हसू आलं. वाटेत खांबांचं एक कुंपण होतं. ओहोटीला मासे अडकावेत म्हणून इथले कोळी लावतात. त्याच्या कडेनं ते पुढे गेले. पुढं दगडांचा एक ढीग होता, कधीकाळच्या बांधकामाचा. त्यावर जाऊन ते बसले. पांढरी टोपी लांबून ठिपक्याएवढी दिसत होती. हसनभाईंनी थर्मासमधून चहा ओतला. आम्ही गप्पा मारत बसलो. निवांत वाटत होतं.

पाण्याकडे आधी हसनभाईंचं लक्ष गेलं. चरात पाणी चमकत होतं. ते उठून उभे राहिले. "भरती लागली. सांगा मामांना, लगेच निघा."

मी बटण दाबलं. "मामा, भरती लागली. ताबडतोब परत या. ओव्हर."

उत्तर नाही. ठिपका उभा राहिला. मी पुन्हा म्हणालो, "मामा, भरती लागली, निघा. ओव्हर."

सेट खरखरला. "कोनाची भरती?"

बुलढाण्यात समुद्र नाही. आमच्याकडे भरती एकच. मैदानावर पोरं उघड्या अंगानं रांगेत उभी करतात, छाती मोजतात, पळवतात, ती. मी सतरा गावांचा समुद्र बघून आलो होतो, माझ्या तोंडातून हसनभाईंचा शब्द तसाच निघाला. मामांच्या कानात तो दुसराच गेला.

"कोनाची भरती म्हनतो मी? मिलिंदले नेता काय?" मामांचा आवाज चढला होता. गावात कुवेतच्या लढाईपासून बोललं जायचं की आखातात परदेशी पोरांनाही पकडून बंदूक देतात. "नाई जमत. सांग त्याहिले. नामदेव इंगळेच्या घरून आता कोनी येत नाई. एक देल्ला. दुसरा देत नाई!"

मी बटण दाबून ओरडलो, "पाणी! मामा, पाणी येतंय!" पण मामांनी बटण सोडलंच नव्हतं. त्यांचंच बोलणं येत होतं, माझं जात नव्हतं. हाका मारल्या. वारा समुद्राकडून होता, हाक आमच्याच अंगावर येत होती. ते तिथंच त्या दगडांवर बसले. हट्टानं बसले. आम्हाला ते दिसलं.

"यल्ला, चला," हसनभाई म्हणाले. पिकअपमधला बांबू उचलला आणि चालायला लागले. मी मागे. गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो.

कुंपणाच्या कडेनं गेलो. हसनभाई बांबूनं तळ चाचपायचे आणि मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचो. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. खवळलेलं वगैरे काही नाही, गुपचूप चढत होतं. तेच वाईट. माझ्या हातात सेट होता आणि त्यातून मामा बोलत होते. आता माझ्याशी नाही.

"देविदास. तुह्यावालं मशीन हाय हे. हवालदारानं देल्लं. ऐकू येते काय रे?"

हसनभाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"मीच तुले भरतीले नेलं. तुह्या मनात नव्हतं. तुले आयटीआय करायचं व्हतं. मीच म्हनलं, चाल, वर्दीत दिसशीन चांगला. यष्टीत तुह्या बाजूले मी बसलो व्हतो. तुही छाती भरली तं मी पेढे वाटले." सेटमध्ये वारा घुमला. "गावाले सांगतो, माहा पोरगा मेला नाई. तुही माय वाट पाहत गेली, तरी तेच सांगतलं. तू मेला म्हनलं का मीच धाडला असं होते रे. कसं म्हनू मी?"

मी फौजेत रडलो नव्हतो. कडा घसरला तेव्हाही नाही, कारण खणायचं होतं. त्या पाण्यात मात्र मी ढसाढसा रडलो आणि हसनभाईंनी पुढे बघत चालून मला रडू दिलं. आजही सांगताना लाज वाटत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि मामांच्या पायांखालचे दगड बुडायला लागले होते. सेट अजून तोंडाशी, अंगठा बटणावर पांढरा पडलेला. मी त्यांचा अंगठा उचलला.

"मामा, मिलिंदला कुणी नेत नाही. समुद्राच्या पाण्याला भरती म्हणतात. पाणी चढलं की म्हणतात भरती लागली. बघा खाली."

त्यांनी खाली पाहिलं. चहूबाजूंनी पाणी. मग माझ्याकडे पाहिलं. "पान्याची भरती?"

"पाण्याची."

"मंग असं म्हन ना लेका!" मामा खेकसले. "जीव घेतला न माहा!" आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"रागवा नंतर, मामा," हसनभाई म्हणाले. "आधी चला. माझ्या मागे, एका रांगेत. हवालदारसाहेब, मामांना मध्ये घ्या."

निघालो. पाणी कमरेपर्यंत आलं. मामांना पोहता येत नव्हतं आणि ते भ्यायलेत हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. पण बोलले तेव्हा आवाज साधा होता. "हवालदार. तू सगळं ऐकलं काय?"

"हो."

"मंग आता तू सांग. त्या दिवशी काय झालं थे."

मी चालता चालता सांगितलं. सकाळची वेळ होती. खालच्या पोस्टवर एक जवान आजारी होता आणि त्याच्यासाठी हेलिकॉप्टर मागवायचं होतं. देविदास सेटवर बसला होता. बाकीच्यांना मी बर्फ काढायला बाहेर काढलं होतं. मेसेज पूर्ण गेला, खालून रॉजर आलं, ते मी बाहेरून ऐकलं. मग वरून आवाज आला आणि तंबू होता तिथं बर्फ होता. तो आजारी जवान वाचला. हेलिकॉप्टर आलं होतं.

"तरास झाला असन त्याले?"

"नाही मामा. तेवढा वेळच नव्हता."

"खरं सांग."

"खरं सांगतो. मी वीस पावलांवर होतो. आणि मामा, भरतीला तुम्ही नेलं असेल, पण त्यानं नंतर स्वतःहून सेट मागून घेतला होता. ऑपरेटरचा कोर्स करून आला, पहिला आला. खूश होता. पोस्टवर रेडिओला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नव्हता. त्याला फौज आवडली होती."

पाणी हळूहळू कमरेखाली आलं, मग गुडघ्याखाली. किनाऱ्याच्या वाळूवर पोचल्यावर मामा मटकन बसले. हसनभाईंनी गाडीतून आपली लुंगी आणली. मी आडोसा धरला, मामांनी ओलं धोतर बदललं. थर्मासमध्ये चहा उरला होता, तो त्यांना दिला. ऊन उतरलं होतं. मामा बसले होते त्या दगडांचा आता पत्ता नव्हता.

चहा संपल्यावर मामांनी विचारलं, "दगडावर नावाच्या आधी काय लिवतात?"

मी आणि हसनभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. "हुद्दा," मी म्हणालो. "लान्स नायक."

"म्हन एकदा पुरं."

मी उभा राहिलो. आपोआप सावधान झालो. "लान्स नायक देविदास नामदेव इंगळे."

हसनभाईंनी दोन्ही हात उचलून ओठांतल्या ओठांत दुवा मागितली. देविदासला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आन खाली?"

"खाली तारीख. वीरगतीची."

"थे मले माहीत नाई," मामा म्हणाले. "तार आल्ती तवा मी वाचूच देल्ली नाई कोनाले."

मी तारीख सांगितली. ती इथं लिहीत नाही, ती त्यांच्या घरची आहे. मामांनी ती दोनदा माझ्याकडून वदवून घेतली. मग गाडीत बसलो. मामा मध्ये बसून ओठ हलवत होते. विसरू नये म्हणून शाळकरी पोरासारखी तारीख घोकत होते, गुदैबियापर्यंत.

मिलिंद शिफ्टवरून आला होता. त्यानं दार उघडलं, बापाच्या अंगावरची लुंगी पाहिली, माझे ओले कपडे पाहिले, आणि काय झालं म्हणून विचारणार, तोच मामांनी उंबऱ्याबाहेरूनच त्याला ती तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष.

"बराबर हाय ना?" त्यांनी विचारलं.

तार चोरून वाचली तेव्हापासून मिलिंदला ती तारीख पाठ होती. कितीतरी वर्षं तो ती घरात एकटाच पाळत आला होता.

"हो बाबा," तो म्हणाला. "तीच."